ह्यांच्या टेबलावरचं मशीन

९ जानेवारी

धाकटीस,

…पडदे पिळून बादलीत टाकले आणि हात पुसत आत आले, तर हे गॅसपाशी उभे राहून किटलीचा दांडा माझ्या बाजूला फिरवत होते. मी डावखुरी, हे तुला ठाऊकच आहे. जेवायला शेजारी बसलो की तुझं कोपर आणि माझं कोपर नेहमी भांडायची. किटली कुणीही कशीही ठेवो, हे जाता-येता तिचा दांडा डावीकडे करून जायचे. बोलायचे काही नाहीत. त्या सकाळी मी म्हटलं, "जरा पडद्याची दुसरी बाजू धरा, एकटीनं दोरीवर टाकले की जमिनीला लागतात." हे म्हणाले, "आलोच." तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता, म्हणजे तूच. हे हातातला कप घेऊन कॉम्प्युटरच्या टेबलाशी गेले ते गेलेच. मी बाहेर पडदे टाकत होते आणि खिडकीतून मला ऐकू येत होतं, "अगं वेडाबाई, तिथं नाही, वर बघ, वर!" मग हसणं. पडद्यांची कड मातीला लागली. मी ते पुन्हा धुतले.

काल तुझं पत्र वाचताना मला तीच सकाळ आठवली. तिच्यात विशेष काही नव्हतं. तसे कितीतरी रविवार झाले.

तू लिहितेस की तुझं मशीन कायमचं बंद पडलं, दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. ह्यांचं मशीन अगदी तुझ्यासारखंच आहे आणि इथं नुसतं पडून असेल, तर ते तुला द्यावं. नुसतं पडून आहे हे तुला कुणी सांगितलं? वर्ष उलटलं म्हणून मी घरातल्या वस्तू वाटायला काढल्या, असं वाटलं की काय? ह्यांचा चष्माही अजून त्याच टेबलावर आहे. तो कुणाला लागत असेल तर तेही विचारून घे.

मी ते मशीन वापरते. रोज वापरते. शिलाईच्या गिऱ्हाइकांची मापं त्यातच ठेवते. लेकीनं मला टॅबलेट पाठवलाय. "आई, ते जुनं धूड काढून टाक, टेबल तरी मोकळं होईल," असं तीही म्हणते. पण मला मोठा स्क्रीन बरा वाटतो आणि खालची बटणं दाबली की दाबल्यासारखी वाटतात. काचेवर बोट फिरवून काम झालं असं मला पटत नाही. तेव्हा मशीन देता येणार नाही. राग मानू नकोस.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर माझा गळा भरून येतो, आणि मग तुम्हा सगळ्यांना वाटतं की मी अजून सावरले नाही.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचा नकार वाचून वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला, यावर विश्वास ठेवा. तुम्ही दादांच्या मशीनवर बसता! हे बघायला दादा हवे होते. रविवारी एकदा तरी म्हणायचेच, "तुझी वहिनी काही बसत नाही बघ."

माझं कसं झालंय ते नीट सांगते, म्हणजे मी उगाच मागितलं असं वाटणार नाही. मशीन गेल्यावर तुमच्या भावोजींनी मला नवा लॅपटॉप आणून दिला. हलका आहे, चकचकीत आहे, झाकण लावलं की ताटासारखा कपाटात उभा राहतो. पण पानं लावायचं आपलं जुनं सॉफ्टवेअर तो घेतच नाही. आणि जुन्या फॉन्टमध्ये केलेली कामं त्यावर उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसतात. प्रश्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, लग्नाच्या हॉलची पावतीपुस्तकं, सगळ्याच्या मुंग्या. फाइली सुरक्षित आहेत, कारण दादा दर रविवारी फोनवर बसून मला त्यांची कॉपी पेनड्राइव्हवर काढायला लावायचे. पण त्या उघडायला जुनं मशीनच लागतं. नव्या फॉन्टमध्ये सगळं पुन्हा टाइप करायचं तर वर्ष जाईल. प्रेसचे मालक म्हणतात, "बाई, मार्चअखेरपर्यंत थांबतो. नंतर दुसरीकडे काम देईन." घरात बसून मी जे काही करते ते एवढंच आहे, वहिनी. हे गेलं की मी नुसती भाकरीपुरती उरले.

असो. तुम्ही रोज वापरता म्हटल्यावर मी तो विषय बंद केला. आता आपण दोघी जावा एकाच मशीनच्या, म्हणून विचारते: तुमचंही चालू होताना आधी खाकरल्यासारखं करतं का? तुम्हाला बाण हलवायला शिकायला किती दिवस लागले? मला तर काही महिने तो बाण कुठे पळतोय तेच कळत नव्हतं. फाइल धरायला जावं तर भलतंच काही उघडायचं. दादा होते म्हणून टिकले.

आणि मापांची कॉपी काढत जा. पेनड्राइव्ह डब्याच्या मागच्या बाजूला लावा, पुढचं भोक सैल आहे. माझंही तसंच होतं.

तुमची,
धाकटी


२५ जानेवारी

धाकटीस,

खाकरतं. सगळीच जुनी मशीनं खाकरतात.

बाण मला पहिल्यापासून जमला. त्यात शिकायचं काय आहे? पुढचं भोक सैल आहे हे मला माहीत होतं.

एक विचारायचं होतं. मशीन चालू केल्यावर हल्ली ते पासवर्ड मागायला लागलंय. इतके दिवस मागत नव्हतं. लेकीनं मागच्या खेपेला येऊन काही फिरवाफिरवी केली की काय कोण जाणे. तिला विचारलं तर ती म्हणेल टॅबलेट वापर. तुझ्या मशीनला काय होतं ते कळव, म्हणजे त्यावरून काही सुचतं का बघेन. घाई नाही.

ह्यांनी तुला "तुझी वहिनी बसत नाही" असं सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. माझ्याविषयी तुमचं आणखी काय काय बोलणं व्हायचं तेही लिहिलंस तरी चालेल.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

मशीन पासवर्ड पहिल्या दिवसापासून मागतं. दर वेळी मागतं. चालू केलं की खाकरतं, निळा स्क्रीन येतो आणि तो मागतो. रोज वापरणाऱ्या माणसाला हे माहीत असतं.

मी काही म्हणत नाही. पासवर्ड एक ते आठ आकडे, सरळ ओळीनं. दोन्ही मशीनांचा एकच आहे. मी दादांना म्हटलं होतं की हा तर कुणीही ओळखेल. तर म्हणाले, "आपल्या घरात चोरून न्यावं असं आहे काय? पण लावला नाही तर मशीनला वाटेल आपण त्याला किंमत देत नाही."

वहिनी, मला मशीन द्यायचं नव्हतं तर "देत नाही" एवढं पुरलं असतं. ते ह्यांचं होतं, मला डोळ्यांसमोर हवं, एवढं लिहिलं असतंत तरी मी समजले असते. मी परकी आहे का? तुम्ही वापरता असं वाचून मी इथं सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले. तुमचे भावोजी नुसते "हं" म्हणाले. त्यांना कळलं असावं.

आमचं बोलणं काय व्हायचं म्हणता? फाइल कुठं ठेवलीस, कॉपी काढलीस का, प्रिंटर का अडला. आणि तुमच्याबद्दल: तुम्ही आज कुठलं पुस्तक धरलंय, आणि ते वाचताना कशी आमटी उतू गेली.

तुमची,
धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटीस,

पासवर्ड लागला.

त्याआधी मी काय काय घालून पाहिलं ते सांगते, कारण तू मला खोटारडी म्हटलंच आहेस, आता लपवून काय करू? की-बोर्डवर ह्यांनी अक्षरांचा कागद चिकटवलाय, त्यात एकेक शोधत बसले. लेकीचं लाडाचं नाव घातलं. माझं घातलं. ह्यांच्या प्रेसचं घातलं. शेवटी 'धाकटी' घातलं. ते लागलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. नाही लागलं. मला इतकं बरं वाटलं, की मशीन उघडलं नाही याचंही काही वाटेना. मग तुझं पत्र आलं. एक ते आठ! तोही मला तुझ्याकडून कळावा. माझ्या घरातल्या, माझ्या नवऱ्याच्या मशीनचा.

पण आता ऐक. खुर्चीवर बसले. माऊस टेबलाच्या डाव्या कडेला होता, वर्षभर मी तो तिथंच पुसत आलेय. हात ठेवला आणि बाण निघाला. जिथं म्हणावं तिथं जायचा. बोट दाबलं की उघडायचं, पुन्हा दाबलं की बंद. कात्री धरल्यासारखं. ह्यांनी प्रेसमधल्या पाती लावणाऱ्याकडून मला डाव्या हाताची कात्री करवून आणली होती ना, ती पहिल्यांदा हातात धरली तेव्हा कापड जसं आपण होऊन कापलं गेलं होतं, तसं. पहिल्या दिवशी बाण, दुसऱ्या दिवशी फाइल, आणि आठवडा झाला नाही तोच मी 'उंची, बाही, गळा' असं टाइप करून चार गिऱ्हाइकांची मापं ठेवलीसुद्धा. आता खरंच ठेवलीत.

मग मला सांग, तुला महिने कशाला लागले? मी शाळा पुरी केलेली बाई नाही. ह्यांनी प्रेसमधून वाया गेलेली पानं आणायची, मी ती कपाटाच्या फळ्यांवर अंथरायची आणि अंथरता अंथरता वाचायची, असं माझं शिक्षण. मला कुणी फोनवर बसून "वर बघ" म्हटलं नाही. तू तर शिकलेली. इतके रविवार तुला कशाला लागायचे? का तुला येत होतं सगळं, आणि तरी फोन यायचा?

मनातलं लिहिते. मला तुझा राग यायचा, अजून येतो. ह्यांचं निम्मं हसणं तुझ्या वाटणीला गेलं. आमच्या घरात हे मुकाट माणूस होते. कधी "वेडाबाई" म्हणाले नाहीत मला. शहाणी म्हणूनही नाही. आता माणूस नाही, आणि उरलंय ते मशीनही तू मागतेस.

तेव्हा आता तर मुळीच देणार नाही. आता मला येतं.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी ते डाळीच्या डब्याखाली सारलं. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. मार्च निम्मा झाला, मी लॅपटॉपशी झटापट करत राहिले. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. रागानं लिहीत नाही. शेवटपर्यंत वाचा.

लॅपटॉपवर बोटानं घासायची ती पाटी मला जमेना, म्हणून मी त्याला वेगळा माऊस लावला. तर दाबलं की भलतंच! फाइल उघडायच्या ऐवजी दर वेळी यादी बाहेर पडायची. मला वाटलं नवं मशीनच बिघडकं आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो मागं उभा राहिला आणि म्हणाला, "करून दाखवा." मी केलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही डावखुऱ्या का?" म्हटलं, "नाही." "मग माऊस डावीकडे का?" मी म्हटलं, "माऊस डावीकडेच असतो." वहिनी, तो माणूस खुर्ची धरून हसला.

माऊस उजवीकडे असतो. सगळ्या जगात. आणि दाबायचं बटणही दुसरं असतं. डावखुऱ्या माणसासाठी मुद्दाम आत जाऊन बटणं उलटी करून ठेवावी लागतात.

मला हे इतक्या वर्षांत कळलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. मी घराबाहेर कुणाच्या मशीनवर बसलेच कधी? बँकेत काचेपलीकडची बाई करायची ते बघायचे. पण ती समोरून बसलेली! तिचा उजवा हात माझ्या डाव्या अंगालाच यायचा. मला वाटायचं, बरोबर, माझ्यासारखंच करतेय.

संध्याकाळी तुमच्या भावोजींना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. प्रेसनं जुनी मशीनं काढली, त्यातली दोन दादांनी घेतली. एक घरी मांडलं. आणि ते मांडून झाल्यावर दादा कितीतरी दिवस डाव्या हातानं माऊस धरून बसायचे, बाण सगळीकडे पळायचा. तुमचे भावोजी चेष्टेनं म्हणाले, "दादा, हाताला लागलंय का?" तर दादा म्हणाले, "वहिनीला शिकवायचं तर आधी माझ्या डाव्या हाताला यायला हवं. मी उजव्यानं दाखवलं तर तिला सगळं मनातल्या मनात उलटं करून घ्यावं लागेल. जन्मभर ती तेच करत आलीय." मग त्या मशीनची एकन् एक गोष्ट जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली आणि ते मला पाठवलं. बटणंही तशीच आली. कुणाच्या लक्षात नाही.

म्हणून मला महिने लागले, वहिनी. मी उजवी. आणि म्हणून तुम्हाला आठवडाही लागला नाही.

मी एकदा दादांना विचारलं होतं, "डावा हात भरून येतो, माऊस पलीकडे ठेवला तर चालेल का?"  दादा हसायला लागले, थांबेचनात. म्हणाले, "अगं वेडाबाई, आधी नाही का सांगायचं? आता तुझाही हात वळला आणि माझाही. मला दुसऱ्या हातानं सांगताच येणार नाही." आणि मग म्हणाले, "तुझी वहिनी बसली असती तर पहिल्याच दिवशी जमलं असतं तिला." मला तेव्हा फार लागलं होतं. वाटलं, मी ढ आहे हेच सांगतायत.

तुम्ही माझा हेवा करत होतात. आता माझं ऐका. तुमच्या भावोजींना मी विचारलं, "तुम्हाला हे सगळं माहीत होतं, मग मी इतकी वर्षं डाव्या हातानं काम करतेय हे सांगितलं का नाहीत?" ते म्हणाले, "तू कुठल्या हातानं करतेस ते मी कधी बघितलं नाही." वाईट माणूस नाही तो. त्यानं नुसतं बघितलं नाही. ते ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि किती तरी वेळ नळ सोडून उभी राहिले.

मशीन तुमच्याजवळच राहू दे. ते तुमचंच होतं. मी तर तुमच्याच हातानं काम करत होते. प्रेसच्या मालकांना महिनाअखेर नाही म्हणून कळवते.

धाकटी


२३ मार्च

धाकटे,

मालकांना काही कळवू नकोस.

तुझं पत्र परवा आलं. मी ते त्या टेबलाशीच बसून वाचलं. हे संध्याकाळी तिथं बसायचे, डावा हात माऊसवर, अवघडल्यासारखा. मी दारातून बघायचे. मला वाटायचं प्रेसमध्ये कागद कापायच्या मशीनवर आयुष्य काढलं, उजव्या हाताची पकड गेली असेल. तेही मी कधी विचारलं नाही. हे मान वळवून म्हणायचे, "बस ना जरा." मी म्हणायचे, "भांडी पडलीत." कधी म्हणायचे, "त्या धाकटीलाच शिकवा." हे पुन्हा स्क्रीनकडे वळायचे.

मला राग आलाय, पण तुझ्यावर नाही. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? "तुझ्यासाठी केलंय" एवढंच. पण किटलीचा दांडा फिरवतानाही कुठं बोलायचे? फिरवायचा आणि आपण बाजूला व्हायचं. मी दांडा धरायची आणि मला वाटायचं, किटलीच तशी आहे. बाण मला पहिल्या दिवशी जमला म्हणून तुझ्यापुढं एवढा तोरा मिरवला. त्यातलं माझं काहीच नव्हतं गं. सगळी मेहनत ह्यांची होती.

मशीन उद्या निघतंय. रजईत गुंडाळून खोक्यात भरलं आहे. मापांची कॉपी काढून घेतली, मागच्याच भोकातून. आत काही बदललेलं नाही. बटणं तशीच ठेवलीत, कारण तुझा हात आता माझ्या हातासारखा वळलाय, तो या वयात परत कुठं वळवतेस?

तुझा तो ताटासारखा लॅपटॉप मला पाठव. तुला तो नको आणि मला या टेबलावर काहीतरी हवं. रिकामं टेबल मला बघवणार नाही. त्यात मापं ठेवीन. टॅबलेट लेकीला परत करते, तिला काय वाटायचं ते वाटू दे.

माऊस मी ठेवून घेतलाय. तो मागू नकोस. देणार नाही. तू तिकडं दुसरा घे.

भावोजींवर रुसून राहू नकोस. एवढं कर, मशीन आलं की त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसव आणि म्हण, बघा. आपण होऊन बघत नाहीत अशा माणसांना सांगावं लागतं. आणि आपण होऊन बघतात त्यांना, आता वाटतं, विचारावं लागतं.

'वेडाबाई' तुझंच राहू दे. पण एक मागते. फोनवर हे हसायचे ते कसं, ते मला कधीतरी सांग. खिडकीतून मला अर्धंच ऐकू यायचं, आणि त्यातलंही निम्मं मी रागात घालवलं.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

मशीन पोचलं. खाकरलं. मुंग्यांची अक्षरं झाली, सगळी, एकूण एक. मालकांना पहिलं काम काल दिलं. ते म्हणाले, "बाई, मी काही खरंच दुसरीकडे जाणार नव्हतो." बघा, कसे असतात!

नवा माऊस घेतला. हट्टानं उजवीकडे ठेवून बघितला. शेजारची मांजर चालवेल तेवढंही मला चालवता आलं नाही. परत डावीकडे. तुमच्या भावोजींना खुर्ची टाकून बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हात दुखत नाही का गं?" इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, "दुखायचा. आता नाही."

लॅपटॉप तुमचे भावोजी शनिवारी स्वतः घेऊन येतील, त्यांच्याच हाती हे पत्रही देते. त्याची बटणं उजव्या हाताची आहेत, तुम्हाला ती उलटी करून घ्यावी लागतील. कुठं जायचं ते पत्रात लिहीत बसले तर पान पुरणार नाही. मला ते आता पाठ झालंय, त्या दुरुस्तीवाल्याकडून शिकून घेतलं. फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोन करू नकोस म्हणालात, म्हणून मी करत नाही.

दादा हसायचे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ते करून दाखवावं लागेल. मला जमतं.

तुमची,
धाकटी


या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. शनिवारी भावोजी आले, जेवले, लॅपटॉप टेबलावर ठेवून संध्याकाळी परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांचा माऊस लॅपटॉपला लावला, टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला, आणि धाकटीला फोन केला.